खात्यानं बदनाम केलेला पोलीस माफियाचा इमानी हस्तक का होतो? (न्यूयॉर्कचं एपोलिटो-कॅराकॅपा प्रकरण)

पारावरचा

माफियाच्या गोष्टींत एक माणूस हमखास भेटतो. मुळात तडफदार पोलीस. मग कसलं तरी बालंट येतं, खातं हात झटकतं, वर्दीला डाग लागतो. सगळ्यांनी तोंड फिरवलेलं असताना टोळीचा म्होरक्या त्याला जवळ करतो आणि पुढं हा गडी त्याच्यासाठी जिवावर उदार होतो. कथा-कादंबऱ्यांत हे पटून जातं. प्रत्यक्षात असं घडतं का, हा माझा प्रश्न आहे.

माझ्यापुढं उदाहरण आहे लुईस एपोलिटोचं. ब्रुकलिनचा जन्म. बाप गॅम्बिनो या माफिया टोळीतला, चुलताही तिथलाच. हा मात्र १९६९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांत भरती झाला, डिटेक्टिव्ह झाला, पदकं मिळवली. १९८४ मध्ये न्यू जर्सीत रोझारिओ गॅम्बिनो या हेरॉइनच्या व्यापाऱ्याच्या घरात न्यूयॉर्क पोलिसांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती सापडल्या. माग एपोलिटोपर्यंत आला. त्याला निलंबित केलं, वर्तमानपत्रांत नाव आलं, खात्यांतर्गत खटला चालला. १९८५ मध्ये तो निर्दोष ठरला आणि कामावर परतला. त्याच सुमारास तो आणि त्याचा जुना जोडीदार स्टीफन कॅराकॅपा हे दोघं लुकेझी टोळीच्या अँथनी 'गॅसपाइप' कॅसोच्या पगारावर गेले. महिन्याला ४,००० डॉलर. पुढच्या काही वर्षांत त्यांनी पोलिसांचे खबरी उघडे पाडले, माणसं उचलून दिली आणि शेवटी स्वतःच्या हातानं गोळ्या घातल्या.

माझं मत असं, की खात्यानं त्याला चारचौघांत उघडं केलं नसतं तर हे झालं नसतं. माणसाला पगारापेक्षा आपल्या माणसांत पत लागते. ती एका ठिकाणी गेली की तो दुसरीकडं शोधतो. तुम्हाला काय वाटतं?

चकवा

रविवारची सोय झाली. चहा टाकतो आणि बसतो वाचत.

कोर्टकचेरी

धागा चांगला आहे, मत अजिबात पटलं नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. कॅराकॅपाचं काय?

त्याच्यावर खात्यानं कधी बालंट आणलं? त्याला कुणी निलंबित केलं? तो व्हिएतनाम युद्धावर जाऊन आलेला, पोलिसांच्या मोठ्या गुन्ह्यांच्या पथकात होता. संघटित गुन्हेगारीतल्या खुनांचा तपास करणाऱ्या विभागात बसायचा आणि तिथं त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीचा डिटेक्टिव्ह म्हणून सन्मानानं निवृत्त झाला. खात्यानं त्याला द्यायचं ते सगळं दिलं. तरी त्यानं तेच केलं, त्याच वर्षांत केलं, त्याच माणसासाठी केलं.

दोघं एकाच पापात बरोबरीनं सहभागी आणि त्यातल्या एकाचाच अपमान झालेला. मग त्या पापाचं कारण अपमान कसं?

पारावरचा

@कोर्टकचेरी, मुद्दा वजनदार आहे. पण जोडीत एक जण ओढणारा असतो, दुसरा ओढला जाणारा. कॅराकॅपा एपोलिटोमुळं आला असेल तर मूळ कारण एपोलिटोचंच राहतं. टोळीशी संधान बांधून देणारा फ्रँक सँटोरा हा एपोलिटोचाच नातलग होता, कॅराकॅपाचा नव्हे.

कोर्टकचेरी

बरोबर, आणि तिथंच तुमची गोष्ट ढासळते. सँटोराची तुरुंगात बर्टन कॅपलनशी ओळख झाली. कॅपलन हा कापडाचा व्यापारी, सोबत गांजाचा मोठा धंदा, कॅसोचा दोस्त. पोलीस ते सँटोरा, सँटोरा ते कॅपलन, कॅपलन ते कॅसो अशी ती साखळी. अपमान झालेला माणूस हताश होऊन म्होरक्याच्या दारात गेला आणि म्होरक्यानं पाठीवरून हात फिरवला, असं काही घडलंच नाही. नातेवाइकानं गिऱ्हाईक आणलं, मधल्यानं भाव ठरवला. कॅसो तर या दोघांशी थेट व्यवहारही करत नसे, सगळं कॅपलनमार्फत.

फौजदार_निवृत्त

मी महाराष्ट्र पोलीस दलात तीन दशकांहून जास्त नोकरी केली, म्हणून निलंबनाबद्दल लिहितो.

निलंबन म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. पगाराऐवजी निर्वाह भत्ता. दुसरं काम करायला बंदी. रोज मुख्यालयात हजेरी. ज्या आवारात काल पोरं सलाम ठोकत होती तिथंच आज त्यांच्यासमोर सही करून कोपऱ्यात बसायचं. पोलीस लाइनीत राहत असाल तर बायकोला नळावर ऐकावं लागतं. माझ्याबरोबरचा एक हवालदार खोट्या तक्रारीवरून असा बसला होता. चौकशी रेंगाळली. माणूस आतून वाळून गेला. शेवटी कसूर शाबीत झाली नाही, परत घेतला. पण त्यानं त्या काळात एका दमडीचंही वाईट काम केलं नाही. आमच्या भागातल्या दारूवाल्यांनी त्याच्याकडं माणसं पाठवली होती. त्यानं दारातून हाकलली.

म्हणून पारावरचा यांना सांगतो, अपमान खरा असतो, तो माणसाला मोडतो हेही खरं. पण मोडलेले शंभर जण गप्प घरी बसतात, दारू पितात, देवधर्माला लागतात, शेतीकडं वळतात. खुनाच्या सुपाऱ्या घेत नाहीत. ती वाट धरणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीतरी असतं.

रानजाई

फौजदारकाका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

आणि सगळ्यांना एक विनंती. आपण पोलिसाच्या मनात काय चाललं होतं यावरच बोलतोय. मेलेल्यांची नावंही येऊ द्या धाग्यावर. कुणाला माहिती असेल तर लिहाल का?

जर्सीकर

रानजाई, लिहिते. हे प्रकरण इकडं राहणाऱ्यांनी बातम्यांत वर्षानुवर्षं पाहिलंय आणि मला त्यातला एक मुलगा विसरता येत नाही.

१९८६ च्या सप्टेंबरमध्ये कॅसोवर गोळीबार झाला, तो वाचला. कुणी केला ते शोधायला त्यानं पगारी पोलिसांना सांगितलं. त्यांनी जिमी हायडेल या पोराचं नाव काढलं. ऑक्टोबरमध्ये दोघांनी त्याला रस्त्यावरून 'अटक' केली. त्याला वाटलं चौकीत नेतायत. त्यांनी गाडी नेली ब्रुकलिनमधल्या एका खेळण्यांच्या दुकानाच्या वाहनतळावर आणि तिथं त्याला कॅसोच्या ताब्यात दिलं. कॅसोनं त्याचे हाल करून साथीदारांची नावं वदवून घेतली आणि मग मारलं. मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्याच दिवशी हायडेलच्या आईनं घराजवळ गाडीत बसलेले दोन साध्या वेशातले पोलीस पाहिले होते, जाऊन त्यांना हटकलंही होतं.

साथीदारांपैकी एकाचं नाव निकोलस ग्विडो. कॅसोला त्याचा पत्ता हवा होता. न्यूयॉर्कमध्ये निकोलस ग्विडो नावाचा दुसराही एक जण होता आणि चुकून त्याचाच पत्ता दिला गेला. वय २६, टेलिफोन बसवण्याचं काम करायचा, विंडसर टेरेस भागात आईवडिलांबरोबर राहायचा, गुन्हेगारीशी दूरान्वयेही संबंध नाही. १९८६ च्या नाताळच्या दिवशी घरची मंडळी जेवायला जमली होती. तो एका वडीलधाऱ्या नातेवाइकाला आपली नवीकोरी लाल गाडी दाखवायला बाहेर घेऊन गेला. गाडीत बसलेले असतानाच मारेकरी आले. त्या पोरानं नातेवाइकाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. ते वाचले, हा गेला.

कॅराकॅपानं पोलिसांच्या संगणकावर हे नाव शोधल्याची नोंद पुढं तपासात सापडली. ज्युरीनं हा खूनही दोघांच्या पदरात घातला.

सांजवेळ

नाताळच्या दिवशी, आईच्या दारात. वाचवत नाही.

पारावरचा

जर्सीकर, हे सविस्तर माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

नाना_सातारा

कुंपणानं शेत खाल्लं असं आपण लाचखाऊ पोलिसाबद्दल म्हणतो. इथं त्या पोराला बिल्ला दाखवून गाडीत बसवलंय. हायडेल मुकाट बसला कारण समोर पोलीस होता. गुंडांनी बोलावलं असतं तर पळाला असता. कॅसो ४,००० डॉलर कशाचे मोजत होता? बंदुका चालवणारी पोरं त्याच्याकडं पैशाला पासरी होती. त्याला हवा होता लोकांचा पोलिसांवरचा विश्वास, आणि तोच या दोघांनी विकला.

कोर्टकचेरी

नाना, अगदी नेमकं. एडी लिनोचा खून त्याच पद्धतीनं झाला. लिनो गॅम्बिनोंचा कॅप्टन म्हणजे टोळीतल्या एका तुकडीचा प्रमुख, स्वतः मुरलेला मारेकरी. ६ नोव्हेंबर १९९० ला ब्रुकलिनच्या बेल्ट पार्कवेलगतच्या रस्त्यावर त्याची मर्सिडीज पोलिसांनी थांबवली. एरवी कुणी गाडी आडवी घातली असती तर तो सावध झाला असता. पोलीस म्हटल्यावर थांबला. गाडीतच त्याला गोळ्या घातल्या. या कामाचे ६५,००० डॉलर मिळाले असं सरकार पक्षानं मांडलं.

सांजवेळ

एक शंका. एपोलिटोचा चुलता जेम्स आणि त्याचा मुलगा, दोघांना १९७९ मध्ये गॅम्बिनो टोळीतल्याच लोकांनी मारलं होतं ना? रॉय डिमिओ आणि त्याच्या साथीदारांनी. मग एपोलिटो लुकेझींसाठी काम करतो आणि गॅम्बिनोंच्या कॅप्टनला मारतो, यात घरचा सूड असेल का? असं असेल तर पारावरचा म्हणतात तो पोलीस खात्याचा अपमान मागं पडतो आणि वेगळंच कारण पुढं येतं.

पारावरचा

सांजवेळ, ही बाजू विचार करण्याजोगी आहे. त्याच्या घरात रक्ताच्या नात्याला फार मोल होतं हे त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात भरभरून लिहिलंय.

कोर्टकचेरी

सूड म्हणावा तर इस्रायल ग्रीनवाल्ड कोण होता? हिऱ्यांचा व्यापारी. ना गॅम्बिनो, ना लुकेझी. कॅपलनच्या एका व्यवहारात तो पोलिसांपुढं तोंड उघडेल अशी भीती होती, एवढाच त्याचा दोष. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यालाही असाच पोलिसांनी रस्त्यात थांबवला. मृतदेह ब्रुकलिनमधल्या एका गॅरेजच्या काँक्रीटखाली पुरला होता, तो २००५ मध्ये मिळाला. एकोणीस वर्षं बायकोला आणि मुलींना तो जिवंत आहे की मेला हेही ठाऊक नव्हतं. यात कुठल्या चुलत्याचा सूड?

जो पैसे देईल त्याचं काम, एवढाच हिशेब दिसतो मला.

चकवा

टोपणनावांवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. आमच्या आळीत पक्या, बाळ्या आणि फार तर काळा मुन्ना. तिकडं एक 'गॅसपाइप', दुसरा एपोलिटोचा तो चुलता जेम्स, 'जिमी द क्लॅम' म्हणजे जिमी शिंपला! कोकणात असता तर 'तिसऱ्या' म्हणून हाक मारली असती.

जर्सीकर

चकवा, हसले. त्यात भर घालते, या दोन पोलिसांना कॅसो आणि कॅपलन आपसात 'क्रिस्टल बॉल' म्हणायचे. पुढं काय होणार ते आधी सांगणारा गोळा. कुणाच्या फोनवर पोलिसांचे कान आहेत, कुणाच्या घरावर छापा पडणार, कोण खबरी आहे, सगळं आधीच कळायचं.

वांद्रेकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. न्यूयॉर्कला हे नवं नव्हतं. १९१२ मध्ये हर्मन रोझेन्थाल या जुगारअड्डेवाल्याचा खून झाला आणि पोलीस लेफ्टनंट चार्ल्स बेकर त्यात दोषी ठरला. १९१५ मध्ये सिंग सिंग तुरुंगात त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं. त्याला गोवलं गेलं असं मानणारे अभ्यासक आजही आहेत, म्हणून ते उदाहरण जपून घ्यावं लागतं.

मला जास्त जवळचं वाटतं ते बॉस्टनचं. जॉन कॉनोली, एफबीआयचा अधिकारी. व्हाइटी बल्जर या टोळीवाल्याला खबरी म्हणून सांभाळायचं हे त्याचं काम. दोघं दक्षिण बॉस्टनच्या एकाच वस्तीत वाढलेले. हळूहळू कोण कुणाचा खबरी ते कळेनासं झालं. बल्जरला अटकेची आगाऊ खबर कॉनोलीनंच दिली, तो सोळा वर्षं फरार राहिला. १९८२ च्या एका खुनाबद्दल कॉनोलीला २००८ मध्ये फ्लोरिडात दोषी ठरवलं. त्याचाही खात्यानं कधी अपमान केला नव्हता, उलट शाबासक्याच दिल्या. तेव्हा कोर्टकचेरी यांच्या मताला माझा दुजोरा.

मधुमालती

मला मूळ धाग्यातला 'इमानी' हा भाग तपासून बघावासा वाटतो.

कॅसोला जानेवारी १९९३ मध्ये न्यू जर्सीतल्या माउंट ऑलिव्हमध्ये पकडलं. १९९४ मध्ये तो माफीचा साक्षीदार व्हायला तयार झाला आणि सुरुवातीलाच त्यानं या दोन पोलिसांची नावं दिली. ज्याच्यासाठी त्यांनी खून पाडले त्यानं वर्षभरात त्यांना विकलं. पुढं कॅसोनं तुरुंगातही इतक्या भानगडी केल्या की १९९८ मध्ये सरकारनं त्याच्याशी केलेला करार मोडला. मग २००४ मध्ये कॅपलन बोलला. तो गांजाच्या गुन्ह्यात २७ वर्षांची शिक्षा भोगत होता, वय सत्तरीच्या पुढं. इतकी वर्षं तोंड न उघडणारा माणूस. त्यानं कोर्टात कारण दिलं ते असं, की हे दोघं पोलीस आधी फुटतील आणि सगळं खापर आपल्या डोक्यावर फुटेल अशी त्याला भीती वाटली.

म्हणजे या साखळीत प्रत्येकाला दुसरा कधी उलटेल याचीच धास्ती. यात इमान कुठं आहे?

पारावरचा

मधुमालती, थांबा. एपोलिटो आणि कॅराकॅपा स्वतः मात्र कधीच फुटले नाहीत. मरेपर्यंत नाही. हे इमान नव्हे?

कोर्टकचेरी

फुटून कुणाचं नाव देणार होते? कॅसो आधीच तुरुंगात, कॅपलन साक्षीदार, सँटोरा १९८७ मध्येच मारला गेलेला. सरकारला विकायला त्यांच्याकडं काही शिल्लक नव्हतं. शिवाय गुन्हा कबूल करणं म्हणजे आयुष्यभर मिरवलेली शूर पोलिसाची ओळख स्वतःच्या हातानं पुसणं.

मधुमालती

शूर पोलिसाच्या ओळखीवरून आठवलं. धाग्याच्या मूळ मुद्द्याला याचं उत्तर इथं मिळतं असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'खात्यानं माझा अपमान केला, नंतर मला पोलीस म्हणून जगावंसं वाटलं नाही' ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली? स्वतः एपोलिटोनं. १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर १९९२ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात तो माफिया घरात जन्मून प्रामाणिक राहिलेला आणि खात्यानं छळलेला पोलीस आहे. खात्यातल्या सर्वाधिक पदकं मिळवणाऱ्यांत आपण अकरावे, असंही तो सांगायचा. एका गाजलेल्या माफिया चित्रपटात त्यानं गुंडाची छोटी भूमिकाही केली. त्याला स्वतःला कथानायक व्हायचं होतं. आपण आज ती गोष्ट उचलून 'बिचारा अपमानानं बिघडला' म्हणतो, तेव्हा त्यानंच आपल्या हाती दिलेलं वकीलपत्र घेऊन उभे राहतो. पुस्तकात त्यानं हायडेलबद्दल लिहिलं नाही, ग्विडोबद्दल नाही, ग्रीनवाल्डबद्दल नाही. हे तिन्ही खून पुस्तकाच्या आधी होऊन गेले होते.

आणि त्या पुस्तकानंच त्याचा घात केला. जाहिरातीसाठी तो दूरदर्शनवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात आला. हायडेलच्या आईनं घरी तो कार्यक्रम पाहिला. मुलगा गेला त्या दिवशी गाडीत बसलेला माणूस तिनं ओळखला.

रानजाई

आईनं ओळखला! पण १९९२ मध्ये ओळखला तर अटक २००५ मध्ये का?

जर्सीकर

हाच तर सगळ्यात संतापाचा भाग. तिनं बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही, पोलिसांविरुद्ध पोलिसांकडं कशी जाणार? २००३ मध्ये टॉमी डेड्स या डिटेक्टिव्हशी बोलताना तिनं ते सांगितलं आणि तिथून जुनं प्रकरण उकरलं गेलं. पण तिला बाजूला ठेवा. कॅसोनं नावं दिली १९९४ मध्ये, ती वर्तमानपत्रांतही आली. तेव्हा दोघं लास वेगासला समोरासमोर घरं घेऊन राहत होते. ९ मार्च २००५ पर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही. अकरा वर्षं.

फौजदार_निवृत्त

जर्सीकरताई, या अकरा वर्षांच्या मागं १९८५ चा निकाल आहे असं मी म्हणेन. माझ्या मते पारावरचा यांनी बोट योग्य वर्षावर ठेवलंय, कारण मात्र उलटं धरलंय.

गोपनीय कागदांच्या प्रतींवर एपोलिटोच्या बोटांचे ठसे मिळाले होते. ते कागद हेरॉइनवाल्याच्या घरात होते. खात्याच्या चौकशीत तो सुटला, तेही चालेल. पुरावा कमी पडला तर सोडावंच लागतं, नाहीतर आमच्या त्या हवालदारासारखे निरपराध भरडले जातील. पण सुटल्यावर काय केलं? पुन्हा ब्रुकलिनमध्येच डिटेक्टिव्ह म्हणून नेमला आणि पुढं बढतीही दिली. ज्या माणसाच्या हातून कागद फुटल्याचा संशय आला, त्याच्यापुढं कागदाची कपाटं तशीच उघडी. संगणकावर कोण कुणाचं नाव शोधतंय हे वेळच्या वेळी बघणारं कुणी नाही. कॅराकॅपानं ग्विडोचं नाव शोधलं त्याची नोंद होती, ती वाचली गेली जवळजवळ वीस वर्षांनी. त्याच आठवड्यात कुणी विचारलं असतं की बाबा रे, हे नाव तू कुठल्या गुन्ह्याच्या तपासात काढलंस, तर नाताळला ते पोर वाचलं असतं.

अपमानानं तो बिघडला असं मला वाटत नाही. इतकं करूनही काही होत नाही, हे त्याला १९८५ मध्ये कळलं.

नाना_सातारा

फौजदारसाहेब, हे पटलं. कागद कुठं फुटतात हे पाहायचं कामच कुणाकडं नसतं.

पारावरचा

फौजदारसाहेब, तुमचं म्हणणं माझ्या प्रश्नाला सर्वात जवळचं वाटतं. त्यावर एक विचारतो. सुटलेल्या माणसावर नजर ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा संशयित ठरवणंच झालं ना? तुमच्या हवालदार मित्रावर परत आल्यावर अशी नजर ठेवली असती तर?

फौजदार_निवृत्त

नजर माणसावर नको, कपाटावर ठेवा. कपाट उघडणाऱ्या प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला तोच प्रश्न, अधीक्षक असो नाहीतर शिपाई. मग त्यात कुणाचा अपमान होत नाही. आमचा हवालदार आनंदानं सही करून आत गेला असता.

वांद्रेकर

खटल्याचं शेवटी काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.

कोर्टकचेरी

एप्रिल २००६ मध्ये ज्युरीनं दोषी ठरवलं, आठ खून धरून. जूनमध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनीच तो निकाल रद्द केला. कारण मुदतीचं. संघटित गुन्हेगारीच्या कटाचा खटला कट संपल्यापासून पाच वर्षांत भरावा लागतो. सरकारचं म्हणणं होतं की लास वेगासमधले नंतरचे अमली पदार्थांचे आणि पैशांचे व्यवहार हाही त्याच कटाचा भाग. न्यायाधीशांना वाटलं, दोघं निवृत्त होऊन ब्रुकलिन सोडून गेले तिथं तो कट संपला. पुरावा भक्कम आहे हे त्यांनी मान्य केलं होतं, कायदा मात्र आपल्या वाचनाप्रमाणं लावला. न्यायाधीशाला असं करायला हिंमत लागते, निर्णय कुणाला आवडो न आवडो. २००८ मध्ये अपील न्यायालयानं ज्युरीचा निकाल पुन्हा कायम केला. मार्च २००९ मध्ये शिक्षा झाली. एपोलिटोला जन्मठेप आणि वर १०० वर्षं, कॅराकॅपाला जन्मठेप आणि वर ८० वर्षं. कॅराकॅपा २०१७ मध्ये, एपोलिटो २०१९ मध्ये कैदेतच वारले. कॅसो २०२० मध्ये कोरोनानं गेला.

आणि दोघांना तुरुंगात असतानाही पोलीस खात्याचं निवृत्तिवेतन मिळत राहिलं. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत ते कमी करता येत नाही अशी तरतूद आहे.

नाना_सातारा

काय सांगता! आपल्याकडं तरी असं होत नाही ना?

फौजदार_निवृत्त

नाही नाना. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत निवृत्तीनंतरही चांगल्या वर्तनाची अट आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर सरकार निवृत्तिवेतन रोखू शकतं किंवा काढून घेऊ शकतं.

रानजाई

आणि त्या ग्विडोच्या घरच्यांना काय मिळालं?

जर्सीकर

न्यूयॉर्क शहरानं २०१५ मध्ये ५० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. खुनानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

रानजाई, तुम्ही मेलेल्यांची नावं मागितली होती. यातून जिवंत सुटलेला एक माणूसही सांगायचा राहिला. बॅरी गिब्स, टपाल खात्यातला माजी कर्मचारी. १९८६ मध्ये ब्रुकलिनमध्ये एका बाईचा खून झाला, त्याचा तपास एपोलिटोकडं. त्यानं एका साक्षीदाराला धमकावून गिब्सविरुद्ध ओळख पटवून घेतली. गिब्स जवळजवळ एकोणीस वर्षं तुरुंगात होता. एपोलिटोला अटक झाल्यावर तो साक्षीदार खरं बोलला आणि २००५ मध्ये गिब्स सुटला. पुढच्या वर्षी जूनमध्ये, निकाल रद्द होण्याआधी झालेल्या एपोलिटोच्या शिक्षेच्या सुनावणीत हा माणूस कोर्टात प्रेक्षकांतून उठला आणि माझं काय केलंस ते आठवतं का, म्हणून त्याच्यावर ओरडला. त्याला बाहेर नेलं. २०१० मध्ये शहरानं त्याला ९९ लाख डॉलर दिले.

मधुमालती

जर्सीकर, हे आधी सांगितलं असतंत तर मी इतकं लांबलचक लिहिलंच नसतं. त्या गिब्सला गोवण्यात कॅसोचं काम नव्हतं, महिन्याच्या ४,००० डॉलरचा हिशेबही नव्हता. साध्या रोजच्या पोलीसकामातही तो माणूस हेच करत होता.

पारावरचा

गिब्सबद्दल स्वतंत्र धागा काढायला हवा, खोट्या साक्षीवर शिक्षा झालेल्यांवर. जर्सीकर, तुम्ही लिहाल का? कोर्टकचेरी यांनी तिथं ओळखपरेडीचे आपल्याकडचे नियम सांगितले तर फार उपयोग होईल.

जर्सीकर

लिहिते. या शनिवार-रविवारी टाकते.

कोर्टकचेरी

हजर राहीन. ओळखपरेड, पंच आणि फितूर साक्षीदार, तिन्हींवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.